मामांची शिकवणी

बेबीनं जेवणं उरकेपर्यंत विषय काढला नाही, यावरूनच दादानं ओळखायला हवं होतं की बाई आज घरून ठरवून आली आहे. एरवी बेबीच्या पोटात काही राहत नाही. निम्मं भांडण ती चपला काढता काढता संपवते आणि उरलेलं पाणी पिताना. पन्नाशी उलटली, स्वतःचं शिवणाचं दुकान झालं, हाताखाली चार बायका आल्या, तरी घरात ती बेबीच राहिली आणि स्वभावही तोच राहिला. आज मात्र ती गुमान जेवली, वहिनीबरोबर ताटं उचलली, अण्णांच्या गोळ्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या, आणि सगळे बाहेरच्या खोलीत टेकल्यावर पंखा जरा कमी करून म्हणाली, "अण्णा, पाइपचं काय ते आजच ठरवा."

पाइप समोरच होता. दिवाणाच्या पायाशी ती काळी लांबट पेटी ठेवलेली होती आणि आल्यापासून दादा तिच्याकडे सोडून सगळीकडे बघत होता. "येताना पेटी घेऊन ये," एवढंच अण्णा फोनवर म्हणाले होते. गेल्या महिन्यापासून म्हाताऱ्यानं वाटपाचा सपाटाच लावला होता. हातातलं घड्याळ जावईबापूंना गेलं, आईचं शिलाई मशीन बेबीला. आता राहिला होता बॅगपाइप. तो तसा तीस वर्षं दादाच्याच घरी, कपाटाच्या वर होता. पण एकदा दिलेली वस्तूही चारचौघांत पुन्हा दिल्याशिवाय अण्णांना ती दिल्यासारखी वाटत नसे.

"त्यात ठरवायचंय काय?" अण्णा म्हणाले. "थोरल्याचा आहे तो."

"पण थोरला वाजवतो का?"

"नऊ वर्षं माझ्या रांगेत चाललाय तो. नऊ वर्षांत एकदाही चुकीचा सूर लागला नाही त्याचा. विचार कुणालाही."

दादाची कानशिलं तापली. अण्णा खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत होती.

अग्निशमन दलाच्या बँडाचे अण्णा म्होरके होते. बंबावर त्यांनी जेवढं नाव कमावलं, त्याहून जास्त बँडापुढं चालून कमावलं. बँडात माणूस कमी पडला की दलातल्या लोकांची मुलं घ्यायची पद्धत होती, आणि म्होरक्याचा मुलगा म्हणजे विचारायलाच नको. दादा तेव्हा कॉलेजात जायला लागला होता. केंद्राच्या मागच्या अंगणात अण्णांनी त्याला दोनेक महिने शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, डावा हात वर, उजवा खाली एवढं सांगून झाल्यावर उरलेला वेळ कपाळाला हात लावून बसले. जळत्या घरात शिरून माणसं बाहेर काढणारा हा माणूस, पण शिकवायला बसला की दोन मिनिटांत त्याचा धीर संपायचा. दादाची बोटं काही वळेनात. एक भोक झाकावं तर दुसरं उघडं पडायचं, आणि जो आवाज निघायचा त्यानं अंगणातली कुत्रीसुद्धा उठून जायची.

तेवढ्यात मोठ्या साहेबांची पाहणी आली आणि रांगेत एक माणूस कमी पडला. त्या सकाळी अण्णांनी दादाला सामानाच्या खोलीत नेलं. दलाचा एक जुना पाइप होता, पुढं मोडीत निघाल्यावर अण्णांनी विकत घेऊन घरी आणला तोच. त्याच्या खांद्यावर टाकायच्या तिन्ही नळ्यांत, ज्यांतून तो एकसारखा घुमणारा आवाज येतो, त्यांत अण्णांनी बुचं ठोकली. सूर वाजवायच्या खालच्या नळीतली, फुंकलं की थरथरून आवाज काढणारी पत्ती काढली आणि नळीच्या तोंडातही बूच मारलं. म्हणाले, "तू फक्त चाल. गाल फुगव, बोटं हलव. आजच्या दिवसापुरतं."

आजच्या दिवसापुरतं ते नऊ वर्षं चाललं. बूच मारलेल्या पाइपात हवा जायला वाटच नसते, त्यामुळे पिशवी एकदा फुगवली की फुगलेलीच राहते. बाकीचे वाजवून वाजवून लालबुंद व्हायचे आणि दादा आपलं कोरडं कपाळ रुमालानं पुसायचा. पुढं दादाचं लग्न झालं तेव्हा नवी नवरी संध्याकाळी त्याचे गाल शेकायला गरम पाण्याची पिशवी घेऊन बसायची. दोनतीन वेळा शेकले आणि मग तिनं पिशवी ठेवून दिली. "गाल दुखणारा माणूस एवढी बडबड करत नाही," ती म्हणाली होती. त्यावर दादानं काही विचारलं नाही आणि तिनंही पुढं काही म्हटलं नाही. संसार असाच चालतो.

या सगळ्यात एक गोष्ट अशी होती की ती आठवली की दादाला आजही बसल्या जागी घाम फुटायचा. दादा बँडात शिरला त्याच सुमारास बेबीनं हट्ट धरला होता, मलाही पाइप शिकवा. चौदा-पंधराची असेल. अण्णा म्हणाले, "घरात एक वाजवतोय ना, पुरे झाला." दादा तिथंच खाली बसून बँडाच्या बुटांना पॉलिश करत होता. त्यानं मान वर केली नाही. बूट मात्र त्या दिवशी आरशासारखे चमकले.

आता पन्नाशीची बेबी तोंड उघडून म्हणत होती, "मी दादाचं काही काढून घेत नाहीये. पण माझ्या पोरीचं बघा. तिनं कॉलेजच्या बँडात नाव काढलं, कॉलेज संपलं आणि पाइप परत द्यावा लागला. हिला वाजवता येतं तर हिच्याकडं पाइप नाही. याच्याकडं पाइप आहे तर तो तीस वर्षं धूळ खातोय. हे बरोबर आहे का, वहिनी, तूच सांग."

दादाच्या बायकोनं पदराशी चाळा केला. "मला काय विचारता, बेबीताई. मला त्यातलं काही कळत नाही." हे तिनं इतकं पटकन म्हटलं की दादाला तिची दया आली.

"मी काही बोलत नाही," जावईबापू म्हणाले, आणि पुढं सरकून बोलायला बसले. त्यांचं चष्म्याचं दुकान. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघून त्यांना समोरच्या वस्तूकडं बारकाईनं बघायची सवय लागली होती, आणि बोलायची तर जन्मजातच होती. "माझं म्हणणं एवढंच की वस्तू वापरात राहावी. बघू तरी काय अवस्था आहे." त्यांनी पेटीची कडी काढली. झाकण वर केलं. मग नाकावरचा चष्मा खाली ओढून वरून बघितलं. "बेबी, धूळ कुठाय यात? पिशवी तर नवीकोरी आहे. पत्त्यासुद्धा नव्या दिसतात."

खोलीत सगळे पेटीकडं बघायला लागले. कोपऱ्यात स्टुलावर बसलेली भाची तेवढी खिडकीबाहेर बघत होती. अण्णा मात्र पेटीकडंही बघत नव्हते, ते दादाकडं बघत होते.

"कुणी बदलली?" बेबीनं विचारलं.

"मी बदलून घेतली," दादा म्हणाला.

"कशाला?"

"वाजवतो मी. अधूनमधून."

बेबीचा चेहरा पडला. ती भांडखोर होती पण लबाड नव्हती, आणि दादाला त्या घडीला ती लबाड असती तर बरं झालं असतं असं वाटून गेलं. "मला कुठं माहीत होतं," ती म्हणाली. "वाजवत असशील तर विषयच संपला. मी माझा शब्द मागे घेते. पोरीसाठी आम्ही बघू दुसरा."

दादाला हे ऐकवेना. वाजवतो हे खरं होतं. पण ते कसं खरं होतं, हे सांगायची त्याची छाती नव्हती.

झालं होतं असं. मागच्या वर्षी भाची एक पत्ती मिळते का बघायला त्याच्याकडं आली होती. कपाटावरून पेटी काढली, पिशवीला हात लावला आणि ती एखाद्या वाळलेल्या चपलेसारखी कडक लागली. "मामा, ही मेली," ती म्हणाली. "तू कधीच काढत नाहीस का?" का कुणास ठाऊक, तो "मेली" हा शब्द दादाला लागला. साठीला आलेला माणूस, दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो, कुणाचं काही देणं नाही, आणि आपल्या घरात एक वाजणारी वस्तू आपण मारून टाकली. तो म्हणाला, "मला परत सुरू करायचं असेल तर?" त्यातला "परत" हा शब्द त्यानं मुद्दाम घातला होता.

तिनं त्याला सरावाची नळी आणून दिली. पिशवी नाही, खांद्यावरच्या नळ्या नाहीत, नुसती एक साधी नळी, तोंडात धरून फुंकायची. "आधी काही महिने हीच," ती म्हणाली. "पाइपला हात लावायचा नाही." दादानं नळी धरली. भाचीनं त्याच्या हातांकडं बघितलं. उजवा वर होता आणि डावा खाली. नऊ वर्षं रांगेत कसेही धरून चाललेले हात. विसरलेल्या माणसाचं डोकं विसरतं, त्याचे हात विसरत नाहीत, हे तिलाही कळत असणारच. तिनं त्याचे दोन्ही हात धरून जागा बदलल्या. "बोटांच्या टोकांनी नाही, मामा. पेरांनी झाक." बस्स. पुढं तिनं काही विचारलं नाही. त्या न विचारण्याची दादाला जेवढी लाज वाटली, तेवढी विचारलं असतं तर वाटली नसती.

सराव कुठं करायचा हा प्रश्न होता. घरात बायको. दुकानात पोरं. मग त्यानं एका उंच इमारतीच्या गच्चीवरची लिफ्टची मोटरखोली धरली. तिची किल्ली त्याच्याकडंच असायची. दुपारी डबा खाल्ला की मोटरशेजारी तेलाच्या डब्यावर बसायचं आणि वर-खाली, वर-खाली तेच नऊ सूर. आवाज लिफ्टच्या पोकळीतून थेट तळमजल्यापर्यंत जातो हे त्याच्या लक्षात आलं नाही. आठवड्याभरात तक्रार आली की लिफ्ट दुपारची कण्हते. तक्रार अर्थात त्याच्याकडंच आली. दादानं गंभीर चेहऱ्यानं जाऊन दोरांना तेल दिलं, ब्रेक तपासले आणि काम झालं म्हणून सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी चहा पाजला. "आता बघा कशी शांत झाली," बाई म्हणाल्या. दादा चहा पिऊन उठला आणि दुसरी इमारत शोधायला लागला.

आणि मजा अशी की त्याला ते आवडायला लागलं. जिन्यावरून उतरताना बोटं कठड्यावर हलायची. जेवताना टेबलावर हलायची. पन्नाशी संपेपर्यंत माणसाला एखादी गोष्ट मुळीच येत नसावी आणि मग ती थोडीशी यायला लागावी, हे सुख त्याला माहीतच नव्हतं. ज्या दिवशी भाचीनं नवी पिशवी बसवून अख्खा पाइप त्याच्या हातात दिला, त्या दिवशी ती सहज म्हणाली, "सुरुवातीला दोन नळ्यांना बुचं लाव मामा, म्हणजे हवा पुरेल." दादानं पाइप जवळ ओढला. "बूच नको," तो म्हणाला. "अरे, सगळेच शिकणारे लावतात. त्यात काय लाजायचंय?" "नको म्हटलं ना." तिन्ही नळ्या उघड्या ठेवून त्यानं फुंकलं, डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि तो मोटरखोलीच्या फरशीवर मटकन खाली बसला. भाची पोट धरून हसली. तोही हसला. मग जिना उतरताना मात्र त्याला एकट्याला रडू आलं.

"चला तर मग," जावईबापू आता खुशीत आले होते. "आजचा दिवस चांगला आहे. दादांनी एकदा वाजवावं. अण्णांनाही बरं वाटेल, आणि आमच्याही कानांवरून इतक्या वर्षांनी जाईल."

"त्यांचा घसा बसलाय," दादाची बायको म्हणाली.

"सकाळपासून तर चांगला बोलतोय," बेबी म्हणाली.

"आई, राहू दे ना," भाची कोपऱ्यातून म्हणाली. "जबरदस्ती कशाला करता?"

"तू कुणाच्या बाजूची आहेस गं? तुझ्यासाठीच तर बोलायला आले मी."

"मी कुणाच्याच बाजूची नाही."

"असं कसं? आणि मामाकडं एवढी कशाला जातेस तू? वहिनी म्हणत होती, आठवड्यातून दोनदा येते आणि मामाला घेऊन कुठं तरी जाते."

भाचीची मान खाली गेली. बायकोनं दादाकडं बघितलं, आपण कशाला बोललो असा तिचा चेहरा झाला होता. तेवढ्यात अण्णा काठी टेकून उठले. "भरल्या पोटी फुंकायचं नसतं," ते म्हणाले. "थोरल्या, जरा आत ये. माझ्या खोलीची खिडकी लागत नाहीये."

खिडकी चांगली लागत होती. अण्णा पलंगाच्या कडेला बसले आणि श्वास जागेवर येईपर्यंत हातानंच थांब म्हणाले. त्यांच्या छातीतून बारीक शिट्टी वाजत होती.

"पिशवी कुणी बसवली?"

"नातीनं तुमच्या."

"तिला काय सांगितलंस?"

"काहीच नाही. मी शिकतोय तिच्याकडं."

"शिकतोयस?"

"वर्ष होत आलं."

"या वयात?"

"त्या वयात जमलं नाही ना, अण्णा."

अण्णांनी काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले. "येतं काही?"

"थोडं. एक सोपी चाल येते. मध्येच हवा जाते."

"मग वाजवू नकोस," अण्णा म्हणाले. "बेबीला अडाणी समजू नकोस. तिचा कान तीक्ष्ण आहे. नऊ वर्षं वाजवणाऱ्याची हवा अशी मध्येच जात नाही, हे तिला तिथल्या तिथं कळेल. मग एकेक निघत जाईल. लोक हसतील."

"मला हसतील. हसू देत."

"मला हसतील," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट बसला. "म्होरक्याच्या पोराच्या पाइपला बूच. रांगेत सगळ्यात पुढं मी, आणि मागं माझं पोर गाल फुगवून चालतंय. तुला काय वाटतं, मला मागं वळून बघवायचं?"

दादाला हे नवीन होतं. इतकी वर्षं ती लाज आपल्या एकट्याची आहे, असं धरूनच तो चालला होता. दुसऱ्याही कुणी तिचा एक पदर धरला होता, हे कळून त्याला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आपण बापाला शरम आणली, एवढंच त्याला ऐकू आलं.

"मी सांगतो ते कर," अण्णा म्हणाले. "बाहेर जा आणि पाइप पोरीला देऊन टाक. तुझ्या तोंडानं, राजीखुशीनं. बेबीचं समाधान होईल, तुझा मान राहील आणि वाजवायचा प्रश्नच येणार नाही."

सुटकेची वाट इतकी सरळ होती की दादाला ती आधी का सुचली नाही याचंच नवल वाटलं. फक्त एकच अडचण होती. तीस वर्षं जो पाइप घरात नकोसा झाला होता, तो आत्ता कुठं हवासा झाला होता. पण मागायचा कोणत्या तोंडानं? "बरं," तो म्हणाला. दाराशी जाऊन थांबला. "अण्णा, दोनच महिने का शिकवलंत मला?"

"खिडकी लाव," अण्णा म्हणाले.

खिडकी लावून दादा बाहेर आला. जावईबापूंनी तोवर पेटीतून पाइप काढून दिवाणावर ठेवला होता. दादा उभ्या उभ्याच बोलला. "बेबी, मी विचार केला. पाइप पोरीला असू दे. तिला उपयोग आहे."

जावईबापू पाइपवरचा हात काढून मागं सरकले. मग बेबीनं उठून दादाचा हात धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मी काय काय बोलले तुला," ती म्हणाली. "धूळ खातोय म्हणाले. आणि तू वाजवत असूनही देतोयस. वाजवणाऱ्याचं मन वाजवणाऱ्यालाच कळतं रे, दादा. मला नसतं जमलं. मी लहानपणी तुझा किती हेवा केला असेल, आणि तू बघ." तिनं लेकीकडं वळून म्हटलं, "बघत काय बसलीस? घे की. मामा स्वतःच्या हातचं देतोय."

भाची उठली नाही. "मामा, तू नको देऊस," ती म्हणाली. "तू आत्ता कुठं..." आणि ती गप्प झाली.

"आत्ता कुठं काय?" बेबीनं विचारलं.

दादाचा हात अजून बेबीच्या हातात होता. सुयांनी टोचून टोचून खरखरीत झालेली तिची बोटं त्याला जाणवली. आता फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसायला तो इतक्या वर्षांत चांगला शिकला होता. पण तिचं ते कौतुक त्याच्या अंगावर दुसऱ्या कुणाचा तरी कोट चढवल्यासारखं बसलं होतं, आणि त्याला ते एक क्षणही सहन होईना.

"बेबी, मी वाजवत नव्हतो," तो म्हणाला.

"बरं, आता नसशील. पण तेव्हा तर..."

"तेव्हाच नव्हतो. आता वाजवतो. आता शिकतोय, हिच्याकडं. तेव्हा माझ्या पाइपला बुचं मारलेली असायची. मी नुसता चालायचो."

जावईबापू हसले. म्हणजे त्यांचं हसू बाहेर पडलं, आणि आजूबाजूला कुणीच हसत नाही हे बघून त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. दादाच्या बायकोनं हळूच म्हटलं, "मला माहीत होतं," आणि ती येऊन नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली. आतल्या खोलीच्या दारात काठीचा आवाज झाला. अण्णा तिथं उभे होते.

बेबीनं दादाचा हात सोडला. "अण्णांना माहीत होतं?"

"बुचं मीच मारायचो," अण्णा दारातून म्हणाले. त्यांनी एवढंच म्हटलं आणि चौकटीला धरून उभे राहिले. भाचीनं जाऊन त्यांच्यामागं खुर्ची सरकवली, तरी ते बसले नाहीत.

बेबी आता चिडेल, ओरडेल, मला का शिकवलं नाहीत म्हणून दोघांना फाडून खाईल, असं दादाला वाटलं. त्याची त्याला तयारी होती. तेच त्याला हवं होतं म्हणा ना. पण बेबी दिवाणावर पाइपशेजारी बसली आणि त्याच्याकडं बघत म्हणाली, "एकदाही नाही? नऊ वर्षांत?"

"नाही."

"मोठ्या रस्त्यावरून बँड जायचा, तेव्हा?"

"तेव्हाही नाही."

"मी फुटपाथवर उभी असायचे," बेबी म्हणाली. ती कुणाशी भांडत नव्हती, नुसती सांगत होती. "मैत्रिणींना ओढून न्यायचे. तुम्ही सगळे एकदम वाजवायचात ना, त्यातून मी तुझा सूर वेगळा काढायचे. त्यांना म्हणायचे, नीट ऐका, तो बारीकसा आहे बघा, जरासा वर जाणारा, तो आमच्या दादाचा. आधी त्यांना ऐकू यायचा नाही. मग त्यांनाही यायला लागला."

दादाला वाटलं, तिनं एक ठेवून दिली असती तर बरं झालं असतं. त्याला तिच्याकडं बघवेना, अण्णांकडं बघवेना. तो खाली बघत उभा राहिला, आणि या खोलीतून बाहेर जायला एकही दार आपल्यासाठी नाही, असं त्याला वाटलं.

"वाजव," बेबी म्हणाली.

"बेबी, अजून नीट येत नाही मला."

"येईल तसं वाजव."

तिनं स्वतः पाइप उचलून त्याच्या हातात दिला. दादानं पिशवी काखेत घेतली, नळ्या खांद्यावर टाकल्या, डावा हात वर धरला, उजवा खाली, आणि फुंकलं. तिन्ही नळ्या घुमायला लागल्या, त्यातली एक बाकीच्या दोघींशी भांडत होती. कोपर कमी-जास्त दाबलं जात होतं, त्यामुळे आवाज मोठा व्हायचा, मग बसायचा. सोप्या चालीचे पहिले काही सूर आले. मग एक बोट सुटलं आणि चिरका आवाज निघाला, मग हवा गेली, आणि सगळं एकदम कण्हत कण्हत बंद पडलं. दादा धापा टाकत उभा होता. त्याच्या कपाळावर खरोखरचा घाम होता आणि गाल दुखत होते.

बेबी मान कलती करून ऐकत होती. आवाज थांबला तरी ती तशीच होती.

"असा आहे होय तुझा सूर," ती म्हणाली.